उल्लेखांचा माग

एखादा चित्रपट पडद्यावर येतो, आठवडाभर रिकाम्या खुर्च्यांपुढे चालतो आणि उतरतो. वृत्तपत्रांत त्याच्याविषयी चार ओळी छापून येतात, त्याही बहुधा नापसंतीच्या. व्यवहाराच्या दृष्टीने त्याचा इतिहास तेथेच आटोपतो. परंतु त्या रिकाम्या खुर्च्यांमध्ये विखरून बसलेल्या दोघाचौघांच्या मनातून मात्र तो उतरत नाही. हे लोक घरी जातात, वर्षे लोटतात, संसार वाढतात. तथापि त्या चित्रपटाचे नाव कोठे निघाले की त्यांचे कान टवकारतात.

श्रोत्यांपैकी पुष्कळांच्या घरात किंवा शेजारात असा एखादा गृहस्थ असेल. शंभर उत्तम चित्रपटांची यादी हाती आली की ती तो वरून खाली वाचीत नाही. आपले एक लाडके नाव तीत आहे किंवा नाही एवढेच प्रथम पाहतो. ते नसले की यादी करणाऱ्याच्या अभिरुचीविषयी त्याचे मत कायमचे ठरते. एखाद्या नटाच्या मुलाखतीत, एखाद्या लेखाच्या तळटीपेत त्या चित्रपटाचा ओझरता उल्लेख सापडला, तर तो कात्रण काढून ठेवतो आणि आपल्यासारख्याच दुसऱ्या वेड्याला कळवतो. घरची मंडळी या खटाटोपाला हसतात. ‘यातून मिळते काय?’ हा त्यांचा प्रश्न असतो, आणि त्या गृहस्थापाशी त्याचे समाधानकारक उत्तर क्वचितच असते.

अशा उपासकांचा मोठा मेळा भविष्यकाळातील भयाण नगरांचे चित्र रंगविणाऱ्या मारधाडीच्या चित्रपटांभोवती जमलेला आढळतो. २०१२ मध्ये आलेला ‘ड्रेड’ हा इंग्रजी चित्रपट त्याचे ठळक उदाहरण होय. ‘टू थाउजंड एडी’ हे ब्रिटिश चित्रकथांचे साप्ताहिक १९७७ मध्ये निघाले. त्यातील न्यायाधीश ड्रेड हा त्याचा नायक. उद्ध्वस्त जगातील एक अवाढव्य नगर, त्यातील दोनशे मजल्यांची इमारत, तिच्यात कोंडले गेलेले दोन न्यायाधीश आणि त्यांच्या जिवावर उठलेली मादक द्रव्यांची टोळी, इतकेच त्याचे कथानक. चित्रपटगृहांत त्याला झालेला खर्च नीटसा भरून काढता आला नाही. परंतु नंतर घरोघरी तो पाहिला गेला, आणि पाहणाऱ्यांपैकी अनेकांनी त्याचा पुढचा भाग निघावा म्हणून सह्यांचे अर्ज केले. कोणी कोठे त्याच्याविषयी दोन बरे शब्द काढले की त्याची नोंद ठेवली. तो पुढचा भाग आजतागायत पडद्यावर आलेला नाही. मग एवढा उद्योग व्यर्थच गेला असे म्हणायचे काय?

या प्रश्नाचा विचार करण्यास खानदेशासारखी दुसरी भूमी नाही. कारण विखुरलेल्या उल्लेखांचा माग काढीत आयुष्य वेचणाऱ्या माणसांची परंपरा या प्रदेशाने जवळून पाहिली आहे. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला आणि पुढे असे बावीस खंड लोकांच्या हाती दिले. त्यासाठी ते गावोगाव पायपीट करीत हिंडले. कोणाच्या माळ्यावर जुने दप्तर आहे असे नुसते कानी आले तरी ते तेथे जाऊन पोहोचत. त्यांच्या आयुष्याची अखेर १९२६ च्या ३१ डिसेंबरला धुळ्यास झाली, आणि त्यांनी जमविलेल्या कागदपत्रांचा सांभाळ करण्यासाठी १९२७ मध्ये धुळ्यातच राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. त्याच धुळ्यात शंकर श्रीकृष्ण देव यांनी रामदासी संप्रदायाच्या हस्तलिखितांचा असाच संग्रह केला. समर्थ वाग्देवता मंदिर हे त्याचे फळ.

जळगावची कथा याहून कोमल आहे. जवळच्या आसोदे गावी १८८० मध्ये जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. जात्यावर, शेतात, घरकाम करताना त्यांच्या मुखातून ओव्या निघत आणि हवेत विरत. त्यांतल्या जेवढ्या चिरंजीव सोपानदेवांनी आणि आप्तांनी कागदावर उतरून घेतल्या तेवढ्याच उरल्या. बहिणाबाई १९५१ मध्ये निवर्तल्या. त्यानंतर ते बाड आचार्य अत्रे यांच्या पुढे आले आणि १९५२ मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ महाराष्ट्राला मिळाली. बहिणाबाईंच्या गाण्यांची नुसती स्तुती करणारे शेजारीपाजारी त्या काळीही असतील. परंतु त्या स्तुतीतून आज एकही ओवी हाती लागली नसती. ती लागली ती कोणीतरी दौत-लेखणी घेऊन बसला म्हणून.

येथे एक भेद स्पष्ट होतो. वस्तूचा उल्लेख निराळा आणि वस्तू निराळी. उल्लेख ही पाऊलवाट आहे. ती जेथे पोहोचते ते ठिकाण म्हणजे वस्तू. राजवाडे पाऊलवाटेवरून चालत दप्तरापर्यंत गेले म्हणून ते संशोधक ठरले. पाऊलवाटांचाच नकाशा काढीत ते घरी बसले असते, तर आज त्यांचे नाव कोणी घेतले नसते. चित्रपटाच्या उपासकाचेही मोल याच कसोटीवर ठरवावे लागेल.

चित्रपटांच्या जगातही या कसोटीस उतरलेले एक विलक्षण उदाहरण आहे, आणि ते भयाण भविष्यनगरांच्या आद्य चित्रपटाचेच आहे. धुळ्यास राजवाडे मंडळ स्थापन झाले त्याच १९२७ साली, जानेवारीत, बर्लिन येथे फ्रिट्झ लांग यांचा ‘मेट्रोपोलिस’ हा मूकपट प्रथम दाखविला गेला. वर गगनचुंबी प्रासादांत राहणारे धनिक आणि खाली भुयारांत दहा दहा तासांच्या पाळीने यंत्रांना जुंपलेले कामकरी, असे त्यातील नगर. त्याची कथा थेआ फॉन हारबू या विदुषीची. बर्लिनमध्ये पत्रकारिता करणारे अयी तेंडुलकर या मराठी गृहस्थांशी पुढे त्यांचा विवाह झाला, ही गोष्ट मराठी वाचकांस कुतूहलाची वाटेल. चित्रपटावर अफाट खर्च झाला. तो लोकांना फारसा रुचला नाही. एच. जी. वेल्स यांच्यासारख्या थोर लेखकाने तर त्याला मूर्खपणाचा कळस ठरविले. धंदेवाल्यांनी कात्री चालवून त्याचा जवळजवळ चतुर्थांश भाग उडविला, आणि तो कापलेला भाग पुढे कोणाच्याच हाती राहिला नाही.

साठ वर्षे अशीच गेली. मग अर्जेंटिनातील फर्नांडो पेन्या या चित्रपट-अभ्यासकाच्या कानी एक किरकोळ हकीकत आली. तेथील एका चित्रपट-मंडळात पूर्वी ‘मेट्रोपोलिस’ दाखविला गेला, तेव्हा फीत यंत्रात नीट बसेना म्हणून दाखविणाऱ्याला ती बोटाने दाबून धरावी लागली, आणि तीही दोन तासांहून अधिक वेळ! ऐकणाऱ्या इतरांना त्यात बोट दुखल्याची गंमत दिसली. पेन्या यांनी त्यातील वेळ हेरली. जगात माहीत असलेल्या प्रती याहून पुष्कळ आखूड होत्या. ज्या अर्थी बोट दोन तासांवर दाबून धरावे लागले, त्या अर्थी ती प्रत न कापलेली असली पाहिजे. पुढे कात्रीपूर्वीची एक प्रत १९२८ मध्येच अर्जेंटिनास गेली होती असा धागाही जुळला. तथापि प्रत्यक्ष डबे उघडण्यास २००८ साल उजाडावे लागले. ब्युनोस आयरीस येथील चित्रपट-संग्रहालयाच्या प्रमुख पाउला फेलिक्स-दिदिए यांनी आणि पेन्या यांनी ते उघडले, तेव्हा हरवलेला बहुतेक भाग एका लहान आकाराच्या, ओरखड्यांनी भरलेल्या प्रतीत सापडला. सुमारे २५ मिनिटांचा हा भाग जोडून २०१० मध्ये बर्लिनला चित्रपट पुन्हा दाखविण्यात आला. ते सापडलेले तुकडे पडद्यावर आजही ओळखू येतात. त्यांच्यावर पावसाच्या धारांसारखे ओरखडे आहेत. पाहणाऱ्याला त्यांची अडचण होत नाही. उलट, एका क्षुल्लक उल्लेखाचा पाठपुरावा करणाऱ्याच्या चिकाटीची ती खूण वाटते.

यंत्राला जुंपलेल्या कामकऱ्यांचे नगर पाहण्यास खानदेशच्या माणसाला बर्लिनपर्यंत जावे लागत नाही. धुळ्याहून आग्रा रस्त्याने मुंबईकडे निघाले की सुमारे पन्नास किलोमीटरवर मालेगाव लागते. हा तालुका आज नाशिक जिल्ह्यात असला, तरी १८६९ मध्ये तो जिल्हा निर्माण होईपर्यंत खानदेशातच मोडत असे. आणि मालेगावाजवळून वाहणारी गिरणा पुढे चाळीसगाव, भडगावकडून जळगाव जिल्हा ओलांडून तापीला मिळते. यंत्रमागांचा खडखडाट हा या गावाचा श्वास आहे. आठवड्यातील सहा दिवस माग आणि शुक्रवारी सुट्टी, अशी येथील विणकराची जिंदगी. आणि त्या शुक्रवारचा मोठा विसावा म्हणजे चित्रपट.

या गावात नासिर शेख नावाचे गृहस्थ व्हिडिओवर चित्रपट दाखविण्याचे एक लहानसे गृह चालवीत. दुसऱ्यांचे चित्रपट दाखविण्यात कायद्याची अडचण येऊ लागली, तेव्हा आपणच का काढू नये, असे त्यांच्या मनाने घेतले. त्यातून २००० मध्ये ‘मालेगाव के शोले’ जन्मास आला. नट गावातलेच, त्यांतील पुष्कळसे कष्टकरी, लेखक गावातलाच, भांडवल अत्यल्प. दोन व्हिडिओ-यंत्रे एकमेकांस जोडून जोडकाम करण्याची कला नासिर यांनी स्वतःच हस्तगत केली. चालत्या दृश्यासाठी कॅमेरा सायकलवर चढविण्यात आला. उंचावरून दृश्य घ्यावयाचे तर बैलगाडी उलाळ करून तिच्या वर उचललेल्या दांडीचा उपयोग केला गेला. गावाने हा चित्रपट डोक्यावर घेतला. कारण पडद्यावर प्रथमच आपली गल्ली, आपली बोली आणि आपल्या ओळखीचे चेहरे दिसत होते.

या मंडळींचा सर्वांत गाजलेला चित्रपट म्हणजे ‘मालेगाव का सुपरमॅन’. अमेरिकेतील महाबलाढ्य वीराच्या जागी येथे शफीक शेख नावाचा यंत्रमागावर काम करणारा काटकुळा तरुण उभा राहिला. वेष तोच, निळा-तांबडा. परंतु अंगावर मांस नाही. त्याचा प्रतिस्पर्धी खलनायक घाणीवर प्रेम करणारा. सर्व गावाने तंबाखू चघळावी, थुंकावे आणि घाणीत लोळावे, हीच त्याची महत्त्वाकांक्षा. हसता हसता प्रेक्षकांच्या लक्षात येते की हे काही दूरच्या भविष्यकाळातले नगर नव्हे. तुंबलेली गटारे, धुरकट हवा आणि व्यसनाने पोखरलेली तरुण माणसे ही खिडकीबाहेरचीच वस्तुस्थिती आहे. भयाण नगराचे चित्र रंगविण्यासाठी लांग यांना प्रचंड देखावे उभारावे लागले. नासिर यांना कॅमेरा फक्त रस्त्यावर न्यावा लागला. विडंबन म्हणून ज्याची बोळवण झाली असती त्या चित्रपटात हा कठोर अर्थ दडलेला आहे. तो ओळखणारे रसिक प्रारंभी फार थोडे होते.

त्या थोड्यांपैकी एक फैजा अहमद खान. हा चित्रपट तयार होत असताना त्या मालेगावी राहिल्या आणि त्यांनी ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट २००८ मध्ये पुरा केला. चित्रण चालू असता कॅमेरा पाण्यात पडतो आणि सर्व काम ठप्प होते. नायकाचे लग्न मध्येच निघते. लेखक आपल्या न फुललेल्या आकांक्षांविषयी बोलतो. हे सर्व त्यात आले आहे. हा माहितीपट देशोदेशींच्या महोत्सवांत दाखविला गेला, वाखाणला गेला, आणि एका जिल्ह्याबाहेर ज्याला कोणी विचारीत नव्हते त्या चित्रपटाचे नाव जगभर झाले. २०१२ मध्ये माहितीपट भारतातील चित्रपटगृहांत लागला. परंतु शफीक शेख ते वैभव पाहण्यास उरला नव्हता. पडद्यावर तंबाखूच्या साम्राज्याशी झुंजलेला हा सडपातळ वीर त्यापूर्वीच कर्करोगाने गेला. पुढे रीमा कागती यांनी याच मंडळींच्या जीवनावर ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ हा हिंदी चित्रपट काढला. २०२४ मध्ये तो टोरांटोच्या महोत्सवात दाखविला गेला आणि २०२५ च्या फेब्रुवारीत सर्वत्र प्रदर्शित झाला. आदर्श गौरव यांनी त्यात नासिरची आणि शशांक अरोरा यांनी शफीकची भूमिका केली.

उपेक्षित चित्रपटाच्या उपासकाला याहून अधिक काय हवे? ज्याचा एक ओझरता उल्लेख सापडला तरी आनंद मानावा, त्याच्यावर माहितीपट निघाला, त्याच्या कर्त्यांवर मोठा चित्रपट निघाला, वृत्तपत्रांचे स्तंभ भरले. उल्लेखांचे दारिद्र्य संपून समृद्धी आली. परंतु नेमका येथेच विचार करणाऱ्याच्या मनाला खटका लागतो. ‘मालेगाव का सुपरमॅन’ हे नाव ज्यांना ठाऊक आहे, त्यांच्यापैकी कितीजणांनी तो मूळ चित्रपट आदीपासून अंतापर्यंत पाहिला आहे? बहुतेकांनी पाहिला आहे तो त्याच्याविषयीचा माहितीपट, किंवा त्याच्या कर्त्यांविषयीचा हिंदी चित्रपट, किंवा त्या दोहोंविषयीचा लेख. उल्लेखावर उल्लेख चढत गेले आणि मूळ वस्तू त्यांच्या खाली दिसेनाशी झाली. माहितीपट उत्तम आहे, हिंदी चित्रपटही सहृदय आहे. दोष त्यांच्याकडे जात नाही. परंतु शफीकची भूमिका करणारा नट म्हणजे शफीक नव्हे. मागावरून उठून आलेल्या त्या तरुणाची चाल, त्याचे डोळे, त्याचा अवघडलेला आवेश ही सारी त्या मूळ चित्रपटातच आहेत, आणि तो गेल्यामुळे ती पुन्हा निर्माण होणे नाही.

ही चिंता केवळ भावनेची नाही. तिला रसायनशास्त्राचा आधार आहे. नासिर शेख यांच्यासारख्यांनी ज्या साधनांवर काम केले, ती व्हिडिओ-फीत म्हणजे प्लास्टिकच्या पट्टीवर चिकट द्रव्याने बसविलेली चुंबकीय भुकटी होय. उष्णतेने आणि दमटपणाने ते चिकट द्रव्य बिघडते, भुकटी सुटू लागते, बुरशी चढते, आणि एके दिवशी फीत यंत्रात घातली की चित्राऐवजी पांढरा गोंधळ दिसतो. अशा फितीचे निर्वेध आयुष्य दोन-तीन दशकांपलीकडे सहसा धरीत नाहीत. खानदेशातील उन्हाळा तर सर्वांच्या परिचयाचा आहे. जळगावचा पारा पंचेचाळीस अंशांना टेकला म्हणजे माळ्यावरच्या पेटीत काय होत असेल याची कल्पना करावी. फीत शाबूत राहिली तरी ती लावण्याचे यंत्र मिळणे दुरापास्त होत चालले आहे. ती यंत्रे बनविणाऱ्या शेवटच्या जपानी कारखान्याने २०१६ मध्ये उत्पादन थांबविले. ‘मालेगाव के शोले’ला पंचवीस वर्षे उलटून गेली आहेत. त्यानंतर तबकड्यांवर निघालेली अहिराणी गीते, विनोदी नाटुकली आणि गावोगावच्या हौशी मंडळींचे चित्रपट यांचीही हीच दशा आहे. छोटू दादा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ठेंगण्या विनोदी नटाची खानदेशी प्रहसने आज कोट्यवधी लोक आपापल्या हातातील दूरध्वनीवर पाहतात; त्यांच्या मागे ही सर्व जुनी मेहनत उभी आहे, परंतु तिचा पुरावा दिवसेंदिवस झिजत आहे.

नाशिक जिल्ह्यानेच याचा धडा पूर्वी एकदा घेतला आहे. दादासाहेब फाळके यांनी १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईस दाखविला आणि हिंदी चित्रपटसृष्टीचा पाया घातला. त्यांची कीर्ती सर्वतोमुखी झाली. परंतु १९४४ मध्ये ते नाशिकला निवर्तले तेव्हा त्यांच्या चित्रपटांकडे कोणाचे लक्ष होते? १९६४ मध्ये पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, आणि त्याचे शिल्पकार पी. के. नायर हे फाळक्यांच्या कुटुंबीयांपर्यंत पोहोचले. तेथे हाती लागलेल्या तुकड्यांमुळेच ‘कालिया मर्दन’सारख्या चित्रपटाचे दर्शन आजच्या पिढीला घडते. भारतात हजाराहून अधिक मूकपट निघाले होते. त्यांपैकी बोटांवर मोजण्याइतकेच आज पाहता येतात. बाकीच्यांचे उल्लेख आहेत, जाहिराती आहेत, आठवणी आहेत. चित्रपट नाहीत.

तेव्हा उल्लेख टिपून ठेवणाऱ्या त्या हौशी गृहस्थाची थट्टा करण्यापेक्षा त्याच्या हौसेला योग्य वळण लावणे अधिक शहाणपणाचे होईल. राजवाड्यांची शिस्त येथे त्याच्या उपयोगी पडण्यासारखी आहे. एखादे पत्र सापडले म्हणजे ते कोठे सापडले, कोणाच्या दप्तरात होते, मूळ आहे की नक्कल आहे, हे नोंदविल्याखेरीज त्याला साधन म्हणता येत नाही. चित्रपटाच्या उपासकानेही ‘अमक्याने आपल्या चित्रपटाची वाहवा केली’ एवढ्यावर न थांबता आणखी दोन प्रश्न विचारावेत. त्या माणसाने तो पाहिला कोठे? आणि पाहिला तो कोणत्या प्रतीवर? पहिल्या प्रश्नाचे उत्तर कदाचित धुळ्यातील एखाद्या बंद पडलेल्या व्हिडिओगृहाचे नाव देईल. दुसऱ्याचे उत्तर एखाद्या घरातील कपाटापर्यंत नेऊन पोहोचवील. स्तुतीच्या शंभर कात्रणांत जे सापडणार नाही, ते या दोन प्रश्नांनी सापडण्याचा संभव आहे. पेन्या यांना चित्रपट सापडला तो कोणाच्या स्तुतीमुळे नव्हे. एका दुखऱ्या बोटाच्या तक्रारीमुळे.

शहरांतील सुशिक्षित कुटुंबांनाही यात वाटा आहे. धुळे, जळगाव, भुसावळ, अमळनेर येथील कित्येक घरांत जुन्या फितींची आणि तबकड्यांची खोकी पडून असतील. त्यांतील बऱ्याचशा लग्नकार्यांच्या असतील. काही भाड्याने आणून परत न केलेल्या. क्वचित एखादी गावच्या हौशी नटांनी काढलेल्या चित्रपटाची. यंत्रच राहिले नाही म्हणून ते खोके रद्दीवाल्याला देण्याचा मोह दर दिवाळीच्या साफसफाईत होतो. तो मोह एक वेळ आवरावा, फितींवरील नावे वाचावीत, थंड आणि कोरड्या जागी त्या उभ्या ठेवाव्यात, आणि जाणत्या माणसाकडून त्यांची नवी प्रत करून घ्यावी. प्रत झाली म्हणून मूळ टाकू नये. ज्या घराने आजोबांचे पंचांगाच्या पाठीवर लिहिलेले हिशेब जपले, त्याला हे अवघड जाऊ नये.

आरंभीचा प्रश्न घरच्या मंडळींचा होता: यातून मिळते काय? चित्रपटाच्या पुढच्या भागासाठी सह्या करणाऱ्यांना तो भाग मिळाला नाही, हे खरे. परंतु आपल्याला जे आवडले ते नामशेष होऊ न देण्याची जी खबरदारी त्यांनी घेतली, तीच पुढे केव्हातरी कोणा शोधकाच्या कामी येते. मराठी भाषेत माग या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक विणकराचा आणि दुसरा शोधकाचा. मालेगावच्या विणकरांनी आठवड्याचे सहा दिवस पहिला माग चालविला आणि सातव्या दिवशी स्वतःचे चित्रपट उभे केले. त्या चित्रपटांवर प्रेम करणाऱ्यांकडे आता दुसरा माग आला आहे. तो काढीत जाणाऱ्याला कदाचित एखाद्या माळ्यावर धुळीने माखलेली एक फीत सापडेल, आणि ती यंत्रात घालताच, पांढऱ्या गोंधळाआधीच्या अखेरच्या संधीला, निळ्या-तांबड्या वेषातला एक काटकुळा तरुण पडद्यावर पुन्हा उड्डाण करील. तेवढ्यासाठी कात्रणांची एक वही बाळगणे मुळीच महाग नाही.